सुगंधा आणि दांड्याचा डेड सेट

सुगंधा मेस्त्रीचा फोन वाजला तेव्हा ती विक्रोळीच्या घरात दाराशी बसून कुळीथ निवडत होती. नंबर ओळखीचा नव्हता. तिने फोन कानाला लावला, तर पलीकडून कुणी नाव सांगितलं नाही की कशी आहेस म्हणून विचारलं नाही.

"सुगंधा, सेट डेड आहे. लाइट नाही, आवाज नाही, काहीच नाही."

असं बोलणारी बाई जगात एकच होती, कारखान्यातली जुनी मैत्रीण नमिता. सुगंधाने सूप बाजूला सारलं आणि फ्यूज बघितलास का म्हणून विचारलं. नमिता म्हणाली, तो तू बघशील म्हणून तसाच ठेवलाय. त्यावर दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. आतून सून अपूर्वा धावत बाहेर आली. तिला वाटलं आईंना ठसका लागला.

सुगंधाचे वडील कणकवलीकडून गिरणीत कामाला आले आणि संप झाल्यावर घरी बसले, तेव्हा थोरली म्हणून सुगंधा कामाला लागली. विक्रोळीत तेव्हा 'सुनेत्र' नावाचा टीव्हीचा कारखाना होता. तिथे लांबच लांब टेबलांवर मुली ओळीने बसायच्या आणि हातात सोल्डरची इस्त्री धरून पार्ट जोडायच्या. सुगंधाला मिळाला पॉवर सप्लायचा बोर्ड, म्हणजे भिंतीतली वीज आत घेऊन सगळ्या टीव्हीला वाटून देणारा भाग. शेजारच्या खुर्चीवर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातली नमिता. सुगंधाने बोर्ड पुरा करायचा, नमिताने तपासून पास करायचा. दोघी इतक्या खिदळायच्या की सुपरवायझरने एकदा त्यांना दोन टोकांना बसवून पाहिलं. मग त्या लांबून एकमेकींच्या तोंडाकडे बघूनच हसायला लागल्या आणि त्यांच्यामुळे मधली सगळी ओळ. आठवड्याभरात त्याने हात जोडले आणि पुन्हा शेजारी आणून बसवल्या.

पुढे कारखाना बंद पडला. नमिता लग्न होऊन खारदांड्याला गेली आणि सासूबरोबर मासळी विकू लागली. सुगंधाने मात्र इस्त्री सोडली नाही. घरातच टीव्ही दुरुस्त करायला लागली. सेट जिन्यावरून वर आणायचं काम नवऱ्याचं, बाळाचं, आणि उघडायचं काम तिचं. बाळा बेस्टमध्ये कंडक्टर होता. ड्युटीवरून आला की खोलीत चार-पाच टीव्ही पाठ उघडी टाकून पडलेले असायचे आणि त्यांच्यामधून वाट काढत तो मोरीपर्यंत पोचायचा. त्याने कधी कुरकुर केली नाही. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, माझ्या बायकोला पिक्चर ट्यूबच्या आतलं दिसतं.

मग भिंतीवर टांगायचे सपाट टीव्ही आले आणि डब्बा टीव्ही एकेक करत भंगारात गेले. सुगंधा मिक्सर, कपड्यांच्या इस्त्र्या, पंखे दुरुस्त करू लागली. हाताला काम होतं, पण मिक्सर उघडताना तिला काही मजा येत नसे. रस्त्याच्या कडेला टाकून दिलेला डब्बा टीव्ही दिसला की ती अजून थांबायची. एकदा तर भाजीची पिशवी खाली ठेवून तिने त्याच्या जाळीतून आत डोकावून पाहिलं होतं, आणि अपूर्वा लाजून पुढे निघून गेली होती.

तर आता नमिताच्या घरचा सेट गेला होता, आणि तो खुद्द 'सुनेत्र'चा होता. कारखाना बंद व्हायच्या सुमारास कामगारांना मिळालेला. अपूर्वाने विचारलं, एवढ्यासाठी विक्रोळीहून दांड्याला कशाला जायचं, त्यांनी नवा घ्यावा ना. सुगंधाने तिला कारण सांगितलं ते असं.

नमिताच्या घरात व्हिडिओ गेमचं एक जुनं डबडं होतं. त्याला प्लॅस्टिकची बंदूक. टीव्हीत बदकं उडायची आणि ती आपण बसल्या जागेवरून मारायची. नमिताचा मुलगा कृणाल लहान असताना ते आणलं होतं, पण खरं वेड लागलं ते त्याच्या आजीला, सखुबाईंना. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून निळ्या ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात, तेव्हा त्या घरात बदकांची स्पर्धा लागायची. जो हरेल त्याने बंदी उठेपर्यंत घरात येणारी खाडीतली सगळी करंदी सोलायची. करंदी म्हणजे बोटाच्या पेराएवढी कोळंबी; सोलता सोलता माणूस म्हातारा होतो. सखुबाई वर्षानुवर्षं जिंकत आल्या. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, आणि मागचे दोन पावसाळे त्यांचा मुलगा हरेश्वर, म्हणजे नमिताचा नवरा, त्यांना हरवत होता. नुसता हरवत नव्हता, तर जिंकल्यावर शिट्टी वाजवत गल्लीत फिरून यायचा.

यंदा सखुबाईंनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालणं थांबवायला सांगितलं त्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून बंदूक काढायला लावली. आणि बटण दाबलं तर टीव्ही मेलेला.

कृणालने घरातल्या मोठ्या सपाट टीव्हीला डबडं जोडून दिलं. बदकं छान उडाली, पण एकही मरेना. सखुबाईंनी बंदूक काचेला टेकवून चाप ओढला तरी नाही. बंदूक बिघडली असं सगळ्यांनी ठरवलं. बंदूक ठीक होती. तिच्या नळीत एक बारीक डोळा असतो आणि चाप ओढल्याबरोबर तो काचेवर धावणारा उजेड शोधतो. डब्बा टीव्हीत तो उजेड तत्क्षणी धावतो. सपाट टीव्ही चित्र दाखवायला जरासा उशीर करतो आणि तोवर बंदुकीचा डोळा मिटलेला असतो. सुगंधाने हे नमिताला फोनवरच सांगितलं. नमिताने ते सासूला सांगितलं. सखुबाई म्हणाल्या, मग तिला बोलव.

"तुम्हाला शॉक लागला तर?" अपूर्वाने विचारलं.

"मला बघून विजेला शॉक लागतो," बाळा खाटेवरून म्हणाला, सुगंधाची नक्कल करत. ते वाक्य तिचंच होतं, जुनं. सुगंधाने पिशवीत मीटर, इस्त्री, पेचकस, जुन्या बोर्डांवरून काढलेले पार्ट आणि वायरी लावलेले दोन बल्ब भरले. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, आणि पुढे रिक्षा. रिक्षात ती एकटीच गालातल्या गालात हसत होती. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं.

दांड्याला नमिता गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. दोघी इतक्या वर्षांनी भेटत होत्या, पण गळ्यात पडल्या नाहीत. नमिताने सुगंधाच्या केसांकडे पाहिलं, सुगंधाने नमिताच्या पोटाकडे, आणि झालं, गल्लीतच सुरू झाल्या. ओट्यावर जाळं शिवत बसलेला हरेश्वर हे बघत होता. त्याला टीव्ही दुरुस्त व्हायची फारशी घाई नव्हती. तो म्हणाला, एवढी जुनी वस्तू, तिला आता शांतपणे जाऊ द्यावं.

सखुबाई आत खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर बंदूक. ऐंशीच्या घरातली बाई, नाकात नथ, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यांनी चष्मा वर करून सुगंधाला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "सगलं दिसतंय गो मला. तुझ्या बांगडीवरची नक्षी पन दिसते. आता फकस्त बदकं आन."

सुगंधाने सेट जमिनीवर घेऊन पाठ उघडली. आत समुद्राच्या खाऱ्या हवेचा पांढरट थर होता, धूळ होती, आणि कुणाचा तरी दुधाचा दात होता. कृणाल म्हणाला, माझा असेल. तो आता बंदरात मोठ्या बोटींच्या इंजिनांवर काम करायचा, दाढीवाला बाप्या, पण दात बघून त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. त्याने तो खिशात टाकला.

आधी सुगंधाने आपला बल्ब वीज आणि टीव्ही यांच्या मध्ये जोडला. ही तिची जुनी रीत. टीव्हीत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि बाकीचं काही जळत नाही. तिने बटण दाबलं. बल्ब क्षणभर लुकलुकला आणि विझला. म्हणजे फ्यूज शाबूत, शॉर्ट नाही. वीज दारापर्यंत येत होती, घरात पाऊल टाकत नव्हती.

तेवढ्यात हरेश्वरने वाकून काळ्या डबीएवढ्या मोठ्या कंडेन्सरकडे बोट नेलं आणि हे काय म्हणून विचारलं. सुगंधाने पेचकसाच्या मुठीने त्याच्या बोटावर फटका मारला. बटण बंद केलं तरी त्यात वीज साठून राहते, तिने सांगितलं, आणि दाखवण्यासाठी दुसऱ्या बल्बच्या दोन वायरी त्याला लावल्या. प्लग काढलेला असताना बल्ब चमकून गेला. हरेश्वर दोन पावलं मागे सरला आणि मग शेवटपर्यंत हात पाठीशी बांधून उभा राहिला. सखुबाईंना ते फार आवडलं. त्यांनी तो बल्ब पुन्हा पेटवून दाखवायला लावला.

मग सुगंधाने मीटर लावलं. मोठ्या कंडेन्सरवर वीज भरपूर होती, पलीकडे बाहेर मात्र शून्य. तिने मान हलवली, ओठ मुडपले, आणि हे अगदी सोपं आहे असं जाहीर केलं. गरम पत्र्याशेजारी एक छोटा कंडेन्सर असतो, तो सुकतो. 'सुनेत्र'च्या सेटचा तोच रोग. मिक्सर दुरुस्त करताना जो रुबाब तिला कधी दाखवता येत नसे तो तिने आता सगळा दाखवला. कृणालला इस्त्री तापवायला सांगितली, नमिताला बॅटरी धरायला. जुना कंडेन्सर काढला, पिशवीतला लावला आणि बोलली, "माका विचारशात तर आता पिच्चर येतलोच." आनंद झाला की तिच्या तोंडी गावची बोली यायची.

सखुबाईंनी पदर खोचला. बंदूक उचलून नेम धरला. सुगंधाने बटण दाबलं.

काही झालं नाही.

पुन्हा दाबलं. सखुबाई नेम धरूनच होत्या. काळ्या काचेत त्यांना स्वतःचंच तोंड दिसत होतं, हातात बंदूक घेतलेलं. हरेश्वर खोकला. मग नमिताच्या नाकातून हसू निसटलं, ते तिने दाबायचा प्रयत्न केला, आणि सुगंधाकडे नजर गेली तशी दोघींचा बांध फुटला. सुगंधा पेचकस हातात धरून जमिनीवर आडवी झाली. रुबाब कुठल्या कुठे गेला. नमिता म्हणत होती, येतलो म्हणे, येतलो, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सखुबाईंनी बंदूक खाली ठेवली आणि चहा दिल्याशिवाय ह्या दोघी थांबायच्या नाहीत असं कृणालला सांगितलं.

चहा घेताना सुगंधाला आपली चूक कळली. मोठ्या कंडेन्सरनंतर मीटर सरळ टोकाला नेलं होतं. मधली पायरी बघायचीच राहिली, कारण रोग काय ते आधीच ठरवलं होतं. ती परत मीटर उचलणार तोच नमिता म्हणाली, थांब. कारखान्यात ती बोर्ड तपासायची तेव्हा मीटरआधी त्याला टिचकी मारून बघायची. आता टिचकी मारण्याइतकी हिंमत नव्हती, म्हणून तिने स्वयंपाकघरातून लाकडी पळी आणली, कोरडी आहे ना ते दोनदा बघितलं, आणि सेट चालू ठेवून बोर्डावर इथे-तिथे हळूच ठोकायला लागली. इथे काही नाही. तिथे काही नाही. मधल्या ट्रान्सफॉर्मरला पळी लागली मात्र, पुढचा लाल दिवा लुकलुकला आणि आतून 'टुक' असा आवाज आला.

नमिताने पुन्हा ठोकलं. पुन्हा 'टुक'.

प्लग काढून, कंडेन्सर रिकामा करून त्यांनी बोर्ड उलटा केला. नमिताने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. मासा ताजा की शिळा हे बघताना ती कल्ला उघडून जशी आत बघते तसंच नाक लावून बघू लागली. ट्रान्सफॉर्मरच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी काळी कडी पडली होती. वर्षानुवर्षं तापून आणि निवून पाय सोल्डरमधून सुटला होता. वीज तिथपर्यंत येऊन थांबत होती.

"कोणाचं सोल्डर हे?" नमिताने विचारलं.

सुगंधाने बघितलं. तिला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्या ओळीत पुष्कळ मुली होत्या.

"माझं असेल," ती म्हणाली, "तर पास तू केलंयस."

पुढची काही मिनिटं कामाची नव्हती. सुगंधाने इस्त्री हातात घेतली की नमिता 'पास' म्हणायची आणि इस्त्री परत स्टँडवर जायची. शेवटी सखुबाईंनी आवाज चढवला की करंदी नासेल. तेव्हा कुठे सुगंधाने श्वास रोखून, जीभ दातांत धरून, ती कडी वितळवली, जुनं सोल्डर ओढून काढलं आणि नवं घातलं. थेंब पायाभोवती पसरला आणि चकाकला. मग हात लागलाच आहे तर म्हणून तिने शेजारचे सगळे पायही परत भरून काढले.

ह्या खेपेला तिने काही जाहीर केलं नाही. बल्ब मध्ये जोडला, बटण दाबलं. बल्ब भडकला आणि मंदावला. लाल दिवा लागला आणि राहिला. तिने बल्ब काढून टीव्हीला सरळ वीज दिली. धप् असा आवाज, मग कानाला जेमतेम कळेल अशी बारीक शिट्टी, आणि काचेवर हात फिरवल्यासारखी चुरचुर. ट्यूब तापू लागली. काळ्या काचेत आधी करडं धुकं आलं, मग ते निळं झालं.

सुगंधाने मनगट काचेजवळ नेलं. हातावरची लव उभी राहिली. किती वर्षांनी. तिने नमिताचा हात ओढून काचेला लावला, नमिताने कृणालचा, आणि हरेश्वरही पाठीमागचे हात सोडून पुढे आला. एकेकाच्या हातावरचे केस ताठ होत होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याला दाखवत होता. सखुबाईंनी विचारलं, तुमचं काचेला ओवाळून झालं असेल तर बदकं लावता का.

संध्याकाळचं ऊन दारातून येत होतं, म्हणून कृणालने दारावर चादर टांगली. स्पर्धा सुरू झाली. हरेश्वर आधी खेळला आणि चांगला खेळला; तीनच बदकं सुटली. त्याने शिट्टी वाजवून पाहिली. मग सखुबाई उभ्या राहिल्या. खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकलं, काळा चष्मा काढून नमिताकडे दिला. पहिलं बदक गवतातून वर आलं तशी त्यांनी चाप ओढलाच नाही. सगळ्यांना वाटलं, दिसलं नाही.

"ह्यांची मान हिरवी हाय," सखुबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, काली."

एवढं बोलून त्यांनी पुढची बदकं टपाटप पाडली. एक डावीकडून आलं, पडलं. दोन एकदम आली, दोन्ही पडली. घराबाहेर गल्लीतले लोक चादरीच्या फटीतून बघायला लागले होते आणि प्रत्येक बदकाला ओरडत होते. सखुबाईंचा चेहरा मात्र बाजारात गिऱ्हाइकाशी घासाघीस करतानाचा होता. पहिलं सोडलं तर त्यांचं एकही सुटलं नाही. शेवटचं पडलं तेव्हा त्यांनी बंदुकीच्या नळीवर फुंकर मारली, आणि हरेश्वरने न सांगता करंदीचं टोपलं ओढून घेतलं.

मग सुगंधाच्या हातात बंदूक दिली गेली. आयुष्यात तिने टीव्ही किती जोडले, किती उघडले त्याचा हिशेब नव्हता, पण टीव्हीशी खेळायला ती कधी बसलीच नव्हती. आधी तर तिने बंदूकच उलटी धरली. नमिताने मागून तिचा हात धरला, तर दोघींच्या हसण्याने नळी छताकडे जायची, मग जमिनीकडे. बदकं आरामात उडून गेली. अगदी शेवटी एक पडलं. ते का पडलं कुणालाच कळलं नाही, कारण त्या वेळी सुगंधाचे डोळे मिटलेले होते. तरी तिने ते बाळाला फोन लावून सांगितलं. बाळाने विचारलं, खायला आणतेस काय ते?

त्या रात्री तिला सोडलं नाही. तांदळाची भाकरी, करंदीचं कालवण, आणि सकाळी पिशवीत मीटरशेजारी सुका बोंबील.

दांड्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. माळ्यांवर, पोटमाळ्यांवर कापडाखाली झाकून ठेवलेले डब्बा टीव्ही किती घरांत होते ते तेव्हा कळलं. कुणाकडे जुन्या कॅसेट होत्या, कुणाला बदकंच मारायची होती, कुणाला नुसतं हात लावून केस उभे करून बघायचे होते. सुगंधा आता रविवारी दांड्याला जाते. ती मीटर धरते, नमिता पळी. दोघींत कुणाचं आधी ऐकायचं यावरून दर वेळी वाजतं, आणि त्या घरातली माणसं काम होईपर्यंत बाहेर ओट्यावर बसणं पसंत करतात. एकदा अपूर्वा सोबत गेली होती. बॅटरी धरायची म्हणून बसली आणि संध्याकाळी तिने स्वतः एक फ्यूज बदलला.

सगळेच सेट जगले नाहीत. एकाची ट्यूबच गेली होती. सुगंधाने आतलं सगळं काढून रिकामी पेटी हरेश्वरला दिली, आणि त्याने ती ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. गल्लीतल्या मांजरीने तीत पिल्लं घातली आहेत. शेजारपाजारची मुलं समोर फतकल मारून ती बघत असतात.